मीटर कुठे बसवला होता

ऋजुताने फोन माझ्याकडे वळवून ठेवला.
म्हणाली, मामा, झालं एकदाचं.
दोन दिले, तीन मिळाले.
तिच्या बोटाला मिसळीची तर्री लागलेली,
काचेवर नेमका तीनच्या आकड्याशी
लाल ठिपका उमटला.

मी चष्मा पुसला.
एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं मी आकडेच लिहिले,
दर तासाला, निळ्या शाईने, नोंदवहीची पानं राखेने खरबरीत.
आकडा दिसला की तोंडून आपसूक निघतं:
मीटर कुठे बसवला होता?

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा खोड काढतोय.
पण हे मला कारभारी सांगळ्यांनी शिकवलं,
रात्रपाळीला, तंबाखू मळता मळता.
जनित्राच्या तोंडाशी मोजशील तर दोनशे दहा,
फाटकाबाहेर मोजशील तर एकशे नव्वद.
मधले वीस?
घरचेच जेवले, पोरा.
पंपाने खाल्ले, पंख्यांनी खाल्ले,
कोळसा दळणाऱ्या गिरणीने तर बकाबका खाल्ले,
आणि ही डोक्यावरची ट्यूब,
जिच्या उजेडात तू दोनशे दहा लिहितोयस, तिनेही.

मग ऋजुता सांगत राहिली.
बाजरीच्या दाण्याएवढी गोळी. तिच्या पोटात हायड्रोजन.
चहूबाजूंनी एकशे ब्याण्णव किरणं,
आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत
सूर्याच्या पोटात घडतं ते.
तिचा पाव तसाच, रश्श्यात फुगत चाललेला.
दोन म्हणजे नेमके किती कुठे, मी विचारलं.
गोळीच्या डबीत पोचले ते दोन.
आणि किरणं पेटवायला भिंतीतून ओढले ते?

तिने ग्लासातलं पाणी संपवलं.
तीनशे, म्हणाली.
गणितात नापास झाल्याचं घरी सांगावं, तशी.

शेजारच्या टेबलावर देवळालीचे दोन जवान
जास्तीचा कांदा मागत होते.

म्हणजे खोटंच ना, मामा?

खोटं नाही गं.
तीन नंबरचा संच दुरुस्तीनंतर आम्ही थंड उठवला, ती रात्र सांगतो.
चौदा तास नुसतं खाणं.
बाहेरून मागून आणलेली वीज, टाक्यांतलं तेल,
कॅन्टीनचा सगळा चहा.
पहाटे चारला काटा जुळला,
खटका पडला, आणि जमीन पायाखाली
मांजरासारखी गुरगुरायला लागली.
पुढचे कितीतरी तास तो संच उधारीतच होता.
कुणी त्याला खोटा म्हटलं नाही.
पेढेही कुणी वाटले नाहीत, हेही सांगतो.
सांगळे फक्त म्हणाले, आता लिही,
आणि कुठून मोजलंस तेही लिही.

बंद केलेला संचसुद्धा खातो, तुला ठाऊक आहे?
तापलेला रोटर एकदम थांबवला तर वाकतो,
म्हणून काहीच देत नसताना
त्याला हळूहळू फिरवत ठेवावं लागतं.

तिने माझ्या खिशातलं पेन घेतलं.
बिलाच्या पाठीवर दोन, तीन,
आणि बरंच लांब, कडेला, तीनशे.
तिन्हीभोवती एकच कुंपण घातलं.
बराच वेळ बघत बसली.
जूनमध्ये ती गांधीनगरला जाणार,
तिथल्या प्रयोगशाळेत, म्हणे, लोहचुंबकांत कोंडलेला
असाच एक विस्तव आहे.
बिल तिने घडी करून पर्समध्ये टाकलं.
अहो, हिशेब, गल्ल्यावरचा ओरडला,
आणि आम्ही दोघंही विनाकारण हसलो.

तिला द्वारका चौकात बसमध्ये बसवून
मी जेल रोडला परतलो.
दाराला कुलूप. आत कुणी नाही.
तरी मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता.
फ्रिज असेल.
किल्ली हातात धरून
मी जिन्यातच उभा राहिलो,
लुकलुक मोजत.